विठ्ठल, बडवे आणि जॉर्ज बुश

मे २०२२ मधला एक व्हिडिओ आहे. तुम्ही तो पाहिला असेल, कारण दर काही महिन्यांनी तो कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर येऊन पडतो. डॅलसमध्ये, स्वतःच्याच नावाच्या संस्थेच्या व्यासपीठावर जॉर्ज डब्ल्यू. बुश भाषण करताहेत. विषय पुतिन. रशियात सत्तेवर कुणाचा अंकुशच उरलेला नाही आणि त्यामुळे एका माणसाच्या निर्णयाने एक पूर्णपणे असमर्थनीय, क्रूर आक्रमण झालं, असं ते सांगताहेत. कुणावर? तर इराकवर. मग थबकतात, मान हलवतात, "म्हणजे युक्रेनवर" अशी दुरुस्ती करतात आणि हळूच पुटपुटतात, "इराकसुद्धा." शेवटी आपलं वय सांगतात: पंचाहत्तर. सभागृहात हशा पिकतो.

मला हा व्हिडिओ पहिल्यांदा ऑफिसातल्या एका मित्राने पाठवला. खाली हसून हसून डोळ्यांत पाणी आलेल्या इमोजींची रांग. मीही हसलो, पुढे दोघांना पाठवला. रात्री परत लावून पाहिला तेव्हा लक्षात आलं की आपण सगळे देशाच्या नावाला हसत होतो. पण त्या वाक्यातली महत्त्वाची गोष्ट नावाच्या आधीच येऊन गेली होती. एका माणसाचा निर्णय. हे बुश स्वतः म्हणाले होते, आणि नेमकं तेच गेली वीसेक वर्षं त्यांच्याबद्दल म्हणायला कुणी तयार नाही.

इराक युद्धाच्या वेळी मी पहिलीत होतो. माझ्या वयाच्या लोकांना बुश माहीत आहेत ते निवृत्तीनंतरचे. चित्रं काढणारे आजोबा. मिशेल ओबामांनी मारलेली ती प्रसिद्ध मिठी. सिनेटर मॅकेनच्या अंत्यविधीत मिशेलबाईंच्या हातात हळूच सरकवलेली गोळी. त्यात ट्रम्प आल्यापासून मागचा प्रत्येक राष्ट्राध्यक्ष सभ्य वाटायला लागला आहे. त्यामुळे कधी इराकचा विषय निघालाच, तर समोरून ठरलेलं वाक्य येतं: "बुश तसा साधा माणूस होता रे. त्याला चेनीनं गंडवलं." ज्याने 'व्हाइस' हा सिनेमा पाहिलाय तो तर हे वाक्य अभिनयासकट म्हणून दाखवतो.

मला हे वाक्य खोटं वाटतं. नुसतं खोटं असतं तर सोडून दिलं असतं. ते घातक आहे, म्हणून हा लेख.

बडव्यांची गोष्ट

हे वाक्य आपल्याला इतकं पटतं याचं कारण आहे. महाराष्ट्रात आपण ते लहानपणापासून ऐकत आलोय. विठ्ठल चांगलाच आहे, पण त्याला बडव्यांनी घेरलंय. पक्ष फुटतो तेव्हा हेच ऐकू येतं, नगरसेवकाचं तिकीट कापलं जातं तेव्हाही हेच. साहेबांचं मन मोठं आहे, पण आजूबाजूचे लोक त्यांच्यापर्यंत काही पोचूच देत नाहीत. असं म्हटलं की रागही काढून होतो आणि निष्ठाही शाबूत राहते.

बुश यांच्या बाबतीत या गोष्टीला पुरावा नाही असं नाही. भरपूर आहे आणि तो आधी नीट मांडायला हवा. २००० साली उपाध्यक्षपदाचा उमेदवार शोधायचं काम बुश यांनी डिक चेनींवर सोपवलं, आणि शोध संपला तेव्हा उमेदवार खुद्द चेनीच होते. डोनाल्ड रम्सफेल्ड आणि पॉल वोल्फोवित्झ यांनी १९९८ मध्येच क्लिंटन यांना लिहिलेल्या एका जाहीर पत्रावर सह्या केल्या होत्या, त्यात सद्दामला सत्तेवरून हटवा अशी मागणी होती. पुढे रम्सफेल्ड संरक्षणमंत्री झाले आणि वोल्फोवित्झ त्यांचे उपमंत्री. त्यांच्याच खात्यात डग्लस फाइथ यांच्या हाताखाली एक वेगळी शाखा निघाली, जी इराकविरुद्धच्या तयारीला हवी तशी माहिती वर पुरवत होती असा आरोप आहे. अहमद चलाबी हे परागंदा इराकी नेते आपल्याला सोयीचे साक्षीदार हजर करत होते. जर्मन गुप्तचरांकडे 'कर्व्हबॉल' या टोपणनावाचा एक इराकी होता. फिरत्या जैविक प्रयोगशाळांची त्याने सांगितलेली कहाणी थेट संयुक्त राष्ट्रांतल्या भाषणात पोचली. आपण खोटं बोललो होतो हे त्याने २०११ मध्ये कबूल केलं.

ऑगस्ट २००२ मध्ये चेनींनी नॅशव्हिलच्या भाषणात सांगून टाकलं की सद्दामकडे महासंहारक अस्त्रं आहेत याबद्दल शंकाच नाही. गुप्तचर खात्यांचा एकत्रित अहवाल तेव्हा तयारसुद्धा झाला नव्हता.

म्हणजे बडवे होते. जोरात होते. यात वाद नाही. वाद पुढे सुरू होतो. पंढरपूरच्या विठ्ठलाने बडवे नेमले नव्हते. तो विटेवर उभा आहे, कुणाला काढू शकत नाही, कुणाला बोलावू शकत नाही. बुश यांना हे सगळं करता येत होतं. प्रश्न एवढाच की त्यांनी ते केलं का, आणि कधी केलं.

नाही म्हणता येत होतं का?

एखादा माणूस दुसऱ्याच्या हातातलं बाहुलं आहे की नाही हे तपासायची सोपी रीत आहे. त्याने कधी सल्लागारांना ठाम नकार दिलाय का ते बघायचं. बुश यांनी दिलाय, आणि मोक्याच्या क्षणी दिलाय.

पहिला प्रसंग १५ सप्टेंबर २००१ चा. जुळे मनोरे कोसळून चार दिवस झालेत. कॅम्प डेव्हिडला बैठक भरली. वोल्फोवित्झ यांनी तिथे इराकचा विषय लावून धरला. बुश यांनी ऐकून घेतलं आणि आधी अफगाणिस्तान असा निर्णय दिला. म्हणजे कारकिर्दीच्या पहिल्याच वर्षी, देश हादरलेला असताना, ज्यांनी पुढे बुशना 'फसवलं' म्हणतात त्याच मंडळींना त्यांनी बाजूला बसवलं होतं.

दुसरा प्रसंग २००७ च्या सुरुवातीचा. इराकमध्ये यादवी पेटलेली. बापाच्या काळातले परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांच्या समितीने डिसेंबर २००६ मध्ये लढाऊ तुकड्या हळूहळू मागे घ्या असं सुचवलं होतं. सेनादलांचे प्रमुख जादा सैन्य पाठवायला राजी नव्हते. इराकमधले अमेरिकी सेनापतीही नव्हते. बुश यांनी त्या सगळ्यांना डावललं आणि वीस हजारांहून जास्त सैनिक आणखी पाठवले.

तिसरा प्रसंग त्याच वर्षीचा. सीरियात उत्तर कोरियाच्या मदतीने अणुभट्टी उभी राहत असल्याचं कळलं. चेनी म्हणाले, अमेरिकेने बाँब टाकावेत. बुश यांनी बैठकीत विचारलं, उपाध्यक्षांशी कोण सहमत आहे? एकही हात वर आला नाही. हे खुद्द चेनींनीच आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय. अमेरिकेने बाँब टाकले नाहीत; सप्टेंबरमध्ये इस्रायलने टाकले.

आता बुशप्रेमी म्हणतील की २००७ चे बुश ठेच लागून शहाणे झालेले बुश होते. ठीक आहे. मग कॅम्प डेव्हिडचे बुश कोण होते? २००१ मध्येही त्यांना नकार देता येत होता आणि २००७ मध्येही येत होता. मधल्या काळात तो दिला नाही, याचा सरळ अर्थ त्यांना तो द्यायचा नव्हता.

आणि हे नुसतं अनुमान नाही. बॉब वुडवर्ड यांच्या 'प्लॅन ऑफ अटॅक' या पुस्तकात बुश यांच्या मुलाखतींच्या आधारे जो घटनाक्रम दिलाय, त्यानुसार २१ नोव्हेंबर २००१ ला, म्हणजे ११ सप्टेंबरनंतर अडीच महिन्यांच्या आत, बुश यांनी रम्सफेल्डना बाजूला घेऊन इराक युद्धाच्या योजनेची चौकशी केली आणि हे गुपचूप ठेवायला सांगितलं. इथे बडवा विठ्ठलाच्या कानाला लागलेला नाही. विठ्ठलच बडव्याला कोपऱ्यात बोलावतोय.

जे आवाज होते आणि ऐकले गेले नाहीत

'सल्लागारांनी फसवलं' म्हणताना आपण गृहीत धरतो की त्या खोलीत एकाच सुरातले लोक बसले होते. तसं नव्हतं.

ब्रेंट स्कोक्रॉफ्ट हे थोरल्या बुश यांचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार. घरचा माणूस. १५ ऑगस्ट २००२ ला त्यांनी 'वॉल स्ट्रीट जर्नल'मध्ये जाहीर लेख लिहून सांगितलं की सद्दामवर हल्ला करू नका. त्याच महिन्यात परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी बुशना जेवणाच्या टेबलावर समजावलं की देश मोडलात तर तो सांभाळण्याची जबाबदारीही तुमच्याच गळ्यात पडेल. ऑक्टोबर २००२ च्या गुप्तचर अहवालात, ज्याला पुढे 'सगळ्यांचीच चूक' म्हणून दाखवण्यात आलं, त्यातच परराष्ट्र खात्याच्या गुप्तचर शाखेने अणुकार्यक्रमाच्या दाव्यावर आपला विरोध नोंदवला होता. ज्या अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांवरून एवढा गदारोळ झाला, त्या अणुबाँबसाठी नसून साध्या रॉकेटसाठी असाव्यात असं ऊर्जा खात्याच्या तज्ज्ञांचं मत होतं. सैन्यप्रमुख एरिक शिन्सेकी यांनी फेब्रुवारी २००३ मध्ये सिनेटच्या समितीपुढे सांगितलं की इराक ताब्यात ठेवायला काही लाख सैनिक लागतील. दोनच दिवसांनी वोल्फोवित्झ यांनी तो अंदाज पार चुकीचा ठरवला. बुश यांना शिन्सेकींचा आकडा खोडून काढणाऱ्याला थांबवायचं असतं तर एक फोन पुरला असता.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे युद्ध करायचं की नाही यावर रीतसर बैठक कधी झालीच नाही. सीआयएचे प्रमुख जॉर्ज टेनेट यांनीच पुढे आपल्या पुस्तकात लिहिलं की इराकचा धोका खरोखर किती जवळ येऊन ठेपलाय यावर प्रशासनात गंभीर चर्चा झाल्याचं त्यांना आठवत नाही. परराष्ट्र खात्यातले रिचर्ड हास जुलै २००२ मध्ये काँडोलीझा राईस यांच्याकडे शंका घेऊन गेले, तेव्हा राष्ट्राध्यक्षांचं मन ठरलेलं आहे, उगाच शक्ती खर्च करू नका, अशा अर्थाचं उत्तर मिळालं. जानेवारी २००३ मध्ये बुश यांनी पॉवेलना बोलावून युद्धाचा निर्णय कळवला आणि तुम्ही माझ्याबरोबर आहात ना एवढंच विचारलं. तुमचं मत काय, हे विचारलं नाही. आपल्याला पॉवेलच्या परवानगीची गरज नव्हती, असं पुढे बुश यांनीच वुडवर्डना सांगितलं.

ज्याला सल्ला हवा असतो तो मत विचारतो. बुश होकार गोळा करत होते.

एकच भाषण, दोन हिशेब

२८ जानेवारी २००३ च्या रात्रीचं बुश यांचं संसदेपुढचं वार्षिक भाषण घ्या. त्यात दोन गोष्टी होत्या.

एक: आफ्रिकेतल्या एड्सग्रस्तांसाठी पाच वर्षांत पंधरा अब्ज डॉलरची योजना, पुढे 'पेपफार' म्हणून ओळखली गेलेली. तिने लाखो जीव वाचवले. बुश यांच्या कारकिर्दीतलं हे निर्विवाद मोठं काम आहे आणि मी ते मनापासून मान्य करतो.

दोन: सद्दामने आफ्रिकेतून युरेनियम मिळवायचा प्रयत्न केल्याचं ब्रिटिश सरकारला समजलंय, असं सोळा इंग्रजी शब्दांचं एक वाक्य. हाच दावा आदल्या ऑक्टोबरमधल्या सिनसिनाटीच्या भाषणातून सीआयएच्या आग्रहावरून काढून टाकला होता. इथे तो ब्रिटिशांच्या नावावर परत आला. ७ मार्चला आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे प्रमुख अल बारादेई यांनी सांगितलं की या व्यवहाराची कागदपत्रं बनावट आहेत. तेरा दिवसांनी बगदादवर बाँब पडायला लागले.

आता गंमत बघा. पेपफारची आखणी अँथनी फाउची आणि इतर सल्लागारांनी केली होती. पण कुणी म्हणतं का, की बिचाऱ्या बुशना फाउचींनी गंडवून आफ्रिकेतले जीव वाचवायला लावले? नाही. ते बुश यांचं काम. बरोबरच आहे, कारण ऐकायचं कुणाचं हे त्यांनी ठरवलं, पैसा त्यांनी मागितला. मग त्याच रात्री, त्याच तोंडून, त्याच माईकवर आलेलं दुसरं वाक्य चेनींचं कसं झालं? श्रेय मालकाचं आणि पाप नोकराचं, हा हिशेब किराणा दुकानातसुद्धा चालत नाही.

आपण भारतीय तर या हिशेबात फार पटाईत आहोत. अणुकरार आपल्याला आवडला, म्हणून बुश आवडले. सप्टेंबर २००८ मध्ये मनमोहन सिंग यांनी व्हाइट हाउसमध्ये त्यांना सांगितलं की भारताची जनता तुमच्यावर मनापासून प्रेम करते. अणुकराराबद्दल आपल्याकडे कौतुकाने सांगतात की बुश यांनी स्वतःच्याच नोकरशाहीचा विरोध मोडून तो पुढे रेटला. छान. म्हणजे अख्खी यंत्रणा विरोधात असताना रेटून नेणारा हा माणूस आहे. तोच माणूस इराकच्या बाबतीत अचानक भोळा सांब कसा होतो?

सैन्य कुणी मोडलं?

सगळ्यात वाईट पळवाट मला मे २००३ मधली वाटते. बगदाद पडलं होतं. बुश यांनी विमानवाहू जहाजावर उतरून 'मोहीम फत्ते'च्या फलकाखाली भाषण ठोकलं होतं. पॉल ब्रेमर हे इराकचे अमेरिकी प्रशासक म्हणून दाखल झाले आणि दोन आठवड्यांच्या आत दोन हुकूम निघाले. पहिल्याने बाथ पक्षाच्या वरच्या फळीतल्या लोकांना सरकारी नोकऱ्यांतून काढलं. दुसऱ्याने इराकचं सैन्यच बरखास्त केलं. लाखो माणसं, शस्त्रं चालवायचं शिक्षण घेतलेली, पगाराविना आणि अपमानित होऊन घरी बसली. त्यांतले किती तरी बंडखोरांना मिळाले. इस्लामिक स्टेटची बांधणी करणाऱ्यांत हाजी बक्र या नावाने ओळखला गेलेला माणूस सद्दामच्या सैन्यातला कर्नल होता.

काही वर्षांनी रॉबर्ट ड्रेपर या पत्रकाराने बुशना या हुकमाबद्दल विचारलं. बुश म्हणाले की सैन्य शाबूत ठेवायचं असंच धोरण होतं, तसं झालं नाही. जणू पाऊस पडायचा होता, पडला नाही.

यावर ब्रेमर चिडले आणि २००७ मध्ये त्यांनी पत्रव्यवहारच उघड केला. २२ मे २००३ ला त्यांनी बुशना लिहिलेल्या पत्रात सद्दामचं सैन्य मोडीत काढण्याचा उल्लेख आहे. दुसऱ्या दिवशीचं बुश यांचं उत्तर आहे: तुम्हाला माझा पूर्ण पाठिंबा आणि विश्वास आहे.

इथे मी स्वतःचं एक सांगतो, कारण हे वाचताना मला ते टोचलं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका सहकाऱ्याने लिहिलेला बदल मी न वाचता मंजूर केला. त्याने तपासलंय म्हणाला, मी बटण दाबलं. त्या रात्री काही हजार ग्राहकांना चुकीच्या बिलाचे मेसेज गेले. दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत मी म्हणालो, "त्यानं सांगितलं होतं की ठीक आहे." आमची टीम लीड शांतपणे म्हणाली, "मंजुरीचं बटण त्याच्याकडे असतं तर तुझी गरजच काय होती?" मला त्या दिवशी फार राग आला होता. आता वाटतं, पगार मला त्याच बटणाचा मिळत होता. आमच्या धंद्यात बिघाडानंतर कुणाला सुळावर चढवत नाहीत, पण चुकीची माहिती आत कशी आली यापेक्षा ती आत घेतली कुणी आणि का, हे लिहून काढतात. मेसेजच्या गोंधळाचं एवढं लिहावं लागतं. एका देशाचं सैन्य मोडलं त्याचं 'तसं झालं नाही' एवढ्यावर भागतं.

शिक्षा की पदक?

समजा, खरंच फसवणूक झाली होती. मग फसलेला माणूस काय करतो? चिडतो, हाकलतो, निदान बोलणं तरी बंद करतो.

२००४ च्या शरदात चार्ल्स ड्यूल्फर यांचा अहवाल आला. इराकमध्ये महासंहारक अस्त्रांचे साठे नव्हते. त्यानंतर दोन महिन्यांनी, १४ डिसेंबर २००४ ला, बुश यांनी अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मान तिघांच्या गळ्यात घातला: टेनेट, ज्यांच्या खात्याची माहिती चुकली, ब्रेमर, ज्यांनी सैन्य मोडलं, आणि जनरल टॉमी फ्रँक्स, ज्यांच्या योजनेत बगदाद पडल्यानंतरच्या दिवसांचा विचार अपुरा होता. वोल्फोवित्झ पुढच्या वर्षी जागतिक बँकेचे अध्यक्ष झाले, बुश यांच्याच शिफारशीवर. एप्रिल २००६ मध्ये निवृत्त सेनाधिकारी रम्सफेल्डचा राजीनामा मागत होते, तेव्हा बुश यांनी पत्रकारांना ठणकावलं की निर्णय घेणारा मी आहे. रम्सफेल्ड गेले ते नोव्हेंबरात, मध्यावधी निवडणुकीत पक्ष आपटल्यावर. पगार न मिळालेल्या इराकी सैनिकांपेक्षा ओहायो आणि व्हर्जिनियातले मतदार जास्त परिणामकारक ठरले.

हे सगळं बघितल्यावर 'फसवलं' हा शब्द कुठे बसवायचा ते मला कुणी तरी सांगावं.

"पण सगळ्यांनाच तसं वाटत होतं"

हा आक्षेप मी टाळणार नाही. क्लिंटन यांनाही सद्दामकडे अस्त्रं आहेत असं वाटत होतं. ब्रिटन बरोबर होतं. अमेरिकी संसदेने युद्धाचा अधिकार देणारा ठराव ऑक्टोबर २००२ मध्ये मोठ्या बहुमताने मंजूर केला. सिनेटमध्ये ७७ विरुद्ध २३. हे खरं आहे, आणि त्या ७७ जणांची जबाबदारीही कमी नाही.

पण संशय असणं वेगळं आणि संशयावर देश उलथवणं वेगळं. संशय तपासायची सोय होती. नोव्हेंबर २००२ च्या अखेरीपासून हान्स ब्लिक्स यांचे निरीक्षक इराकमध्ये फिरत होते. त्यांनी सातशेहून जास्त तपासण्या केल्या. साठे सापडले नाहीत. ब्लिक्स आणखी काही महिने मागत होते. बुश यांनी ते दिले नाहीत आणि मार्चमध्ये निरीक्षकांना जीव वाचवायला निघून जावं लागलं. ब्रिटनच्या चिलकॉट चौकशीने २०१६ मध्ये स्पष्ट लिहिलं की त्या क्षणी युद्ध हा अखेरचा उपाय नव्हता. उत्तरपत्रिका तपासून होत होती आणि हाती येणारे गुण आवडत नव्हते, म्हणून परीक्षकालाच वर्गाबाहेर काढलं, असा हा प्रकार. याला सल्लागार लागत नाहीत.

आणि त्याच २००३ मध्ये आपल्याकडे काय झालं तेही आठवा. एप्रिलमध्ये आपल्या संसदेने या युद्धाचा निषेध करणारा ठराव केला. हिंदीत शब्द होता 'निंदा', इंग्रजीत जरा मवाळ. मग अमेरिकेने शांतता राखायला भारतीय सैन्य मागितलं, साधारण एक डिव्हिजन. वाजपेयींच्या भोवतीही सल्लागार होते. अमेरिकेशी मैत्री पक्की करायची हीच संधी आहे, असं म्हणणारे वजनदार लोक दिल्लीत कमी नव्हते. वाजपेयींनी वेळ घेतला, विरोधकांशी बोलले आणि जुलैत, संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश नसल्याचं कारण देऊन, नकार कळवला. किती भारतीय जवान त्या निर्णयामुळे फालुजा-रमादीच्या रस्त्यांवर मेले नाहीत, हे मोजता येत नाही. घडलं नाही त्याची आकडेवारी नसते.

घडलं त्याची असते. जवळपास साडेचार हजार अमेरिकी सैनिक. 'इराक बॉडी काउंट' या प्रकल्पाच्या नोंदींप्रमाणे सुमारे दोन लाख इराकी नागरिक, आणि हे फक्त नोंद झालेले. जून २०१४ मध्ये मोसुल इस्लामिक स्टेटच्या हाती पडलं तेव्हा तिथे बांधकामावर असलेले भारतीय मजूर पळवले गेले. त्यांतल्या ३९ जणांना मारल्याचं आपल्या सरकारने मार्च २०१८ मध्ये संसदेत सांगितलं. बहुतेक पंजाबचे. त्या घरांनी जवळजवळ चार वर्षं फोनची वाट बघितली. मे २००३ च्या दोन हुकमांपासून मोसुलपर्यंत सरळ रेषा जाते असं मी म्हणणार नाही. मध्ये मलिकी सरकारच्या चुका आहेत, सीरियातलं यादवी युद्ध आहे. पण ती वाट तिथून सुरू झाली.

मग सल्लागार सुटले का?

नाही. चेनी, रम्सफेल्ड, वोल्फोवित्झ यांची पापं त्यांच्या नावावर राहतीलच. पॉवेल यांनी निदान संयुक्त राष्ट्रांतलं ते भाषण आपल्या कारकिर्दीवरचा डाग असल्याचं मान्य केलं. दोष वाटल्याने कमी होत नाही. कर्जाला दोन जामीनदार असले म्हणून मूळ कर्जदाराची सही पुसली जात नाही.

मला चीड येते ती आपल्या सवयीची. चेनीला खलनायक करून आपण बुशना विदूषक करतो, आणि विदूषकाला कुणी जाब विचारत नाही. तो चित्रं काढतो, आपण लाइक करतो. सत्तेवर बसलेल्या प्रत्येकाला हे कळलेलं आहे. आपल्याभोवती दोन-चार बदनाम माणसं ठेवली की शिव्या त्यांना जातात आणि प्रेम आपल्याकडे येतं. पुढचा कुणी असाच देश पेटवेल तेव्हा त्याच्याही आजूबाजूला सोयीचे बडवे असतीलच.

म्हणून मी स्वतःपुरते तीन प्रश्न ठरवलेत. कुठल्याही साहेबांबद्दल 'ते चांगले, पण आजूबाजूचे वाईट' असं ऐकलं की विचारायचे. यांना नेमलं कुणी? साहेबांनी यांना कधी नकार दिलाय का? आणि वाटोळं झाल्यावर साहेबांनी यांना हाकललं की पदक दिलं? बुश यांच्या बाबतीत तिन्हींची उत्तरं वर आली आहेत.

त्या मित्राला मी नंतर मेसेज केला होता: "परत बघ. तो इराक म्हणायच्या आधी काय म्हणतो ते ऐक." दोन निळ्या खुणा आल्या. बऱ्याच वेळाने त्याचं उत्तर आलं, या वेळी इमोजी नव्हती. "अरे हो. एका माणसाचा निर्णय म्हणतोय."